विषवाणिज्य: अफूच्या पेटीपासून वेपच्या कांडीपर्यंत



प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार आले की पंधरा कर्मादानांची नावं आपण एका दमात म्हणून जातो. श्रावकाने जे धंदे करू नयेत त्यांची ती यादी. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा व्यापार, लाखेचा व्यापार, दारूसारख्या रसांचा व्यापार आणि विषाचा व्यापार. या शेवटच्याला विषवाणिज्य म्हणतात. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात ही यादी आहे, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात तिचा अर्थ उलगडून सांगितला. म्हणजे ती काल-परवाची नाही. लहानपणी मला वाटायचं, विषाचा व्यापार कोण करणार? उंदराचं औषध विकणारा, फार तर.

आमच्या महिला मंडळात हल्ली मुलांच्या व्यसनांचा विषय वारंवार निघतो. कुणाच्या भाच्याच्या दप्तरात वेप सापडलेला असतो, कुणी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं ऐकलेलं असतं. बोलता बोलता गाडी ठरलेल्या जागी येऊन थांबते: काळ वाईट, मोबाइल वाईट, संगत वाईट. मला यातलं एकच पटत नाही, ते म्हणजे हे सगळं आत्ताच सुरू झालं, हे. हा माल दोनशे वर्षं जुना आहे. त्याची मोठी पेठ आपल्या कोलाडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, मुंबईत होती. आणि तिच्या चोपड्यांत आपल्या समाजाचीही पानं आहेत. आज ती पानं उघडायची आहेत.

अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक. अनारशाला लावतो ती खसखस याच बोंडातली, पण बियांत नशा नसते, ती असते वरच्या सालीतल्या चिकात. बोंड हिरवं असताना दुपारनंतर त्याला बारीक चिरा देतात, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घेतात. वाळला की काळपट गोळा होतो. त्यात मॉर्फीन असतं, कोडीन असतं. वेदना शमते, खोकला थांबतो, जुलाब थांबतात, झोप येते. म्हणून वैद्यांनी आणि हकिमांनी ती शतकानुशतकं वापरली. पण रोज घेतली की शरीराला तिची सवय होते, आधीचा डोस पुरत नाही, आणि न मिळाल्यास माणूस तळमळतो. प्रमाण वाढलं की श्वास मंद होत होत थांबतो. अफू असो, हेरॉइन असो, नाहीतर आजची गोळी, मरण येतं ते या एकाच वाटेने.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती. शेतकऱ्याने ती कंपनीलाच विकायची, कंपनी कलकत्त्यात लिलाव करायची, आणि तिथून ती चीनला जायची. दुसरी अफू मालव्याची. इंदूर, उज्जैन, रतलाम, मंदसौर, नीमच हा मुलूख होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांचा. तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. शेतकऱ्याला उचल देणारे, माल साठवणारे, हुंडी लिहिणारे होते आपले देशी सावकार. त्यात मारवाडी होते, गुजराती होते, वैष्णव होते आणि जैनही होते. कंपनीने ही अफू अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी ती मारवाडातल्या पालीवरून, वाळवंट ओलांडून कराचीला आणि तिथून जहाजाने पोर्तुगिजांच्या दमणला नेली. एवढा वळसा घालूनही नफा उरत होता, यावरूनच चीनमधल्या भावाचा अंदाज येतो. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीने हात टेकले. पेटीमागे ठरलेली रक्कम भरा, परवाना घ्या आणि माल मुंबईहून न्या, अशी सोय केली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची वाटही बंद झाली आणि परवान्याची रक्कम चढत गेली.

सात बेटांच्या मुंबईचं शहर झालं त्यात या पेट्यांचा वाटा मोठा होता. आपण कापसाची मुंबई, गिरण्यांची मुंबई असं वाचतो. पण पहिली गिरणी उभी राहिली १८५०च्या दशकात. त्याआधीची दोन-तीन दशकं मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांकडे भांडवल साठलं ते कापसाइतकंच अफूमधून. अमर फारुकी या इतिहासकारांनी मुंबईवरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच तिला अफूचं शहर म्हटलं आहे.

या व्यापारातली तीन मोठी नावं एकमेकांशी जोडलेली होती. पारशी शेठ जमशेटजी जिजीभाई, गोव्याकडचे रोजेरिओ द फारिया आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ.

मोतीशांचं नाव घेतलं की आपले हात आपोआप जोडले जातात. पालिताण्याला शत्रुंजयावर गेलेल्या प्रत्येकीने मोतीशांची टूंक पाहिली आहे. दोन शिखरांमधली कुंतासरची खोल दरी भरून काढून त्यावर देरासरांचं गाव उभं केलं. भायखळ्याचं आदीश्वर भगवानांचं देरासर त्यांचंच. मुंबईच्या पांजरपोळीच्या उभारणीत जमशेटजींच्या बरोबरीने त्यांचा हात होता. इंग्रज सरकार रस्त्यावरची कुत्री मारत होतं, त्या जीवांसाठी १८३४ मध्ये ही जागा झाली. टूंकेची प्रतिष्ठा मात्र त्यांना पाहता आली नाही. १८३६ मध्ये ते गेले, आणि पुढच्या वर्षी मुलाने, खीमचंदने, ती केली. ही सगळी माणसं खरोखर दानशूर होती. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल जमशेटजींच्या देणगीतून उभं राहिलं, तिथे आजही हजारो गरिबांवर उपचार होतात.

आणि यांची जहाजं चीनला अफू नेत होती.

ही गोष्ट आपल्या पुस्तिकांमध्ये 'चीनशी व्यापार' एवढ्याच शब्दांत उरकलेली असते. मला ते बरोबर वाटत नाही. त्या काळी अफू कायदेशीर होती, कंपनी सरकार स्वतःच तो व्यापार करत होतं, औषध म्हणून तिला मान होता, हे सगळं खरं. पण ज्या देशात माल उतरत होता तिथे तो कायदेशीर नव्हता. चीनच्या बादशहाने अफू ओढण्यावर आणि विकण्यावर पहिली बंदी १७२९ मध्येच घातली होती, आणि पुढे आयातीवरही. म्हणून तर जहाजं कँटनच्या बंदरात उघडपणे अफू उतरवत नसत. ती अलीकडेच लिंटिन बेटाशी नांगर टाकत, आणि रात्रीच्या वेळी वल्ह्यांच्या वेगवान होड्या येऊन पेट्या घेऊन जात. एका पेटीत साठ किलोंच्या वर अफू. १८३०चं दशक संपताना हिंदुस्थानातून वर्षाला तीस-चाळीस हजार पेट्या जात होत्या, आणि त्यातला मोठा हिस्सा मालव्याचा होता. माल कुठे आणि कसा उतरतो हे मुंबईच्या पेढीवर माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही.

पाणी गाळून पिणारे, रात्री न जेवणारे, कुत्र्यांसाठी पांजरपोळ बांधणारे लोक हे कसं करू शकले? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, चीन दूर होता, एवढंच. पाण्यातला जीव डोळ्यांसमोर असतो. रस्त्यावर मारलेलं कुत्रं डोळ्यांसमोर असतं. कँटनच्या एखाद्या घरात अफूच्या नळीपायी जमीन विकणारा मुलगा आणि त्याची आई कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. चोपडीत फक्त पेट्यांचा आकडा होता.

१८३९ मध्ये लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या आणि हुमेन इथे समुद्रकाठी खड्डे खणून, मीठ आणि चुना घालून, तीन आठवडे राबून ती अफू नष्ट केली. जप्त झालेल्या मालात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. याच लिनने इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की तुमच्या देशात अफूला मनाई आहे असं ऐकतो, म्हणजे तिचं नुकसान तुम्हांला कळतं, मग ती दुसऱ्यांच्या देशात का पाठवता? पत्र राणीपर्यंत पोहोचलंच नाही. इंग्रजांनी युद्ध केलं, जिंकलं, हाँगकाँग घेतलं. व्यापार आणखी सत्तर वर्षं चालला.

तो बंद व्हावा म्हणून झटलेल्यांमध्ये एक मराठी बाई होती, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. सुंदराबाई पवार. पंडिता रमाबाईंच्या सहकारी, धर्माने ख्रिस्ती, पुण्यात बायकांना शिकवण्याचं काम करणाऱ्या. इंग्लंडमध्ये जाऊन त्या गावोगावच्या सभांमध्ये अफूविरुद्ध बोलल्या, आणि १८९२ मध्ये लंडनमध्ये त्यांची पुस्तिका छापून आली. तिच्या नावातच सरकारवर सरळ आरोप होता. अफूबाज नवऱ्यांच्या बायकांची बाजू त्यांनी मांडली. कायदा, महसूल, करार यांच्या चर्चेत स्वयंपाकघराचं काय होतं, हे एका बाईने सांगितलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने रॉयल कमिशन नेमलं. १८९५ मध्ये त्याने अहवाल दिला की हिंदुस्थानात अफूचा फार गैरवापर नाही, बंदीची गरज नाही. महसूल बुडाला नाही. चीनला जाणारी अफू थांबायला १९१३ उजाडलं.

तोवर ती आपल्या घरात शिरलेली होती, आणि आपल्या अंगणात ती आली ती सगळ्यात लहान तोंडातून.

'अफूची गोळी' हा शब्द आपण आता बोलण्यात सहज वापरतो. मुंबईत एके काळी ती खरोखरची गोळी होती आणि तान्ह्या बाळाला देत. तिला बाळगोळी म्हणत. (आत्ताच्या बाळगुटीशी, जायफळ-मुरुडशेंग उगाळण्याशी तिची गल्लत करू नका.) गिरण्यांमध्ये कामाला येणारी माणसं घाटावरची आणि कोकणातली. बायकाही धागा-गुंडाळणीच्या खात्यात दिवसाचे दहा-दहा तास उभ्या. चाळीतल्या एका खोलीत मूल ठेवायचं कुणाजवळ? शेजारची म्हातारी सांभाळायची, पण पाच मुलं रडायला लागली तर ती तरी काय करणार. मग सकाळी निघताना गोळी. मूल झोपून राहायचं, दूध मागायचं नाही. अफूने भूक मरते. झोपाळलेलं, पोट फुगलेलं, हाडं निघालेलं मूल 'शहाणं' दिसायचं.

मुंबई सरकारने १९२१ मध्ये गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि त्यांची स्थिती तपासायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये छापला गेला. त्यात एक आकडा आहे तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं: गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. अठ्ठ्याण्णव. याला त्या आयांचा दोष म्हणायला माझी जीभ वळत नाही. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत होती, पाळणाघरं गिरण्यांनी जवळजवळ बांधलीच नव्हती, आणि पगारी रजा नव्हती. बाळंतपणाच्या लाभाचा मुंबई प्रांताचा कायदा झाला १९२९ मध्ये, देशातला पहिला. तो मांडला गेला तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते.

पेट्यांच्या नफ्यातून ज्या शहरात भांडवल साठलं, त्याच शहराच्या चाळींमध्ये शंभर वर्षांनी ही गोळी होती. स्वातंत्र्यानंतर औषधाखेरीज अफू खाणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, आणि १९५९ पर्यंत परवान्याची दुकानं मिटली.

मधला काळ शांत वाटतो. मग १९८०च्या दशकात मुंबईत गर्द आला. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन, म्हणजे पुन्हा अफूच. (हेरॉइनची एक गंमत, गंमत कसली: १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ते खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं.) चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, 'गर्द' हे पुस्तक केलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणारी ही डॉक्टर व्यसनी मुलाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायची, आणि त्याच्या बायकोला, आईलाही समोर बसवायची. मुक्तांगण आजही चालू आहे, बायकांसाठी तिथे वेगळा विभागही आहे. नशेविरुद्धचा सध्याचा मुख्य कायदा, एनडीपीएस, १९८५ चा. तोही त्याच धास्तीतून आला.

आता आजच्या गोष्टीकडे येते. ती औषधाच्या दुकानातून जाते, म्हणून ती आपल्या जास्त जवळची.

नीमच आठवतं ना, मालव्यातलं? तिथे आज सरकारचा अफूचा कारखाना आहे, दुसरा उत्तर प्रदेशात गाझीपूरला. मंदसौर-नीमच-चित्तोडकडचा शेतकरी परवान्यावर अफू पिकवतो, सरकार ती विकत घेतं, आणि त्यातून मॉर्फीन, कोडीन बनतं. कॅन्सरच्या रुग्णाला शेवटच्या दिवसांत मॉर्फीन मिळणं ही करुणेचीच गोष्ट आहे, त्याला कुणी विष म्हणू नये. पण कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध पोरं बाटलीभर पितात. २०१६ मध्ये केंद्राने अशा मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी उठली, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि २०२३ मध्ये कोडीनच्या काही मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. भिवंडीकडच्या गोदामांत या बाटल्यांचे साठे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये एनडीपीएस खाली आली. ती अफूपासून काढत नाहीत, प्रयोगशाळेत बनवतात, पण मेंदूत तिचं काम त्याच कुलपात फिरणाऱ्या किल्लीचं.

घरात लक्ष कशाकडे ठेवायचं, ते इथेच सांगून टाकते. भर दुपारी पेंगणारं मूल, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बुबुळं, सतत अंग खाजवणं, बद्धकोष्ठ, घरातल्या आजोबांच्या गुडघ्याच्या गोळ्या लवकर संपणं. आणि कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लिंबू-ताक करत बसायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. नॅलॉक्सोन नावाचं उतारा देणारं औषध दवाखान्यात असतं, ते वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

आपली भाचरं-पुतणे अमेरिकेत आहेत, तिथलीही हकीकत थोडक्यात. पर्ड्यू नावाच्या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही गोळी आणली आणि डॉक्टरांना पटवलं की हिची सवय क्वचितच लागते. ते खोटं होतं. २००७ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. मालक सॅकलर कुटुंब मोठं दानशूर, संग्रहालयांच्या दालनांना त्यांची नावं. २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्हरने आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती नावं उतरवली. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुंतासरची टूंक आली. तिथली नावं उतरवा असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणते की ती वाचताना सगळी हकीकत माहीत असावी.

आणि ही २०२५ ची. त्या वर्षी फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं की मुंबईची एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवते. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट. या मिश्रणाला जगात कुठेच मान्यता नाही. तिथल्या रस्त्यांवर मुलं या गोळ्या चॉकलेटसारखी खातात. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीचा माणूस म्हणाला की हे तब्येतीला वाईट आहे खरं, पण धंदा आहे. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी लगेच त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात परवाने मागे घेतले, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने साठा जप्त करून उत्पादन थांबवलं. बंदर मुंबईच. माल वेदना शमवणाराच. गिऱ्हाईक दूर कुठेतरी, कुणाचं तरी मूल. लिनने विचारलेला प्रश्न आता घानामधल्या आईने आपल्याला विचारला तर?

वेपचं थोडं वेगळं आहे. त्यात अफू नसते, निकोटीन असतं. आजचा वेप बनवला होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये, सिगारेट सोडायला मदत म्हणून. आता जगातले बहुतेक वेप चीनमधल्या शेनझेन शहरात बनतात, लिंटिन बेट जिथे होतं त्याच खाडीच्या काठावर. गंमत पाहा, ऑक्टोबर २०२२ पासून चीनने आपल्या देशात फळांच्या चवीचे वेप विकायला बंदी केली, कारण मुलं नादी लागतात. निर्यातीला मात्र मोकळीक ठेवली. दोनशे वर्षांत फासा पुरता उलटला आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. वेप बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळंच गुन्हा. साठवणं सोडलं तर बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी तो मिळतो. कधी पेनसारखा, कधी पेन ड्राइव्हसारखा, कधी रंगीत मार्करसारखा. आईच्या नाकाचा इथे उपयोग होत नाही. बिडी-सिगारेटचा वास आपण दारातून ओळखतो, याला मात्र आंब्याचा, पुदिन्याचा, बबलगमचा वास. निकोटीनही असं केलेलं असतं की घशाला खरखर होत नाही, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला ते ओढता येतं, आणि कितीही ओढता येतं. सिगारेट संपते, हे संपत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात लागलेली तलफ खोल रुतते. म्हणून मुलाला महाराजसाहेबांसमोर उभं करून पच्चक्खाण दिलं की काम झालं, असं समजू नका. पच्चक्खाण द्याच, पण शरीराची तलफ आठवडे-महिने छळते, तेव्हा डॉक्टरही लागतो आणि घरातली शांतताही.

कोलाडला आपण राहतो म्हणून सांगते, इथे हे लांब नाही. धरणाचं पाणी सुटतं तशी सकाळी कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते, महामार्ग दारातून जातो, धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात खोपोलीजवळ एका कारखान्यात एमडी बनत असल्याचं पोलिसांनी उघड केलं होतं. एमडी अफूच्या जातीची नाही, पण ती बनवायला लागणारं सामान आणि ज्ञान कारखान्यांच्या पट्ट्यातलंच असतं.

मला जास्त काळजी आहे ती काउंटरची. आपल्या किती घरांची मेडिकलची दुकानं आहेत, किती घरांची किराणा-जनरल स्टोअर्स आहेत. मोतीशांना चीन दिसत नव्हता. आपल्या काउंटरसमोर उभा असलेला मुलगा आपल्याला दिसतो, त्याची आई कोण हेही बहुतेक वेळा माहीत असतं. २०१४ पासून औषध दुकानदाराने एच-वन यादीतल्या औषधांसाठी वेगळी वही ठेवायची असते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय दिलेली पट्टी त्या वहीत नसते. दुकानाचे हिशेब अनेक घरांत रात्री आपणच बघतो. खरेदीची बिलं आणि ही वही शेजारी ठेवली तर फरक पाच मिनिटांत कळतो. नवऱ्याला, दिराला, मुलाला हे विचारताना घरात थोडी कुरबूर होईल. 'आम्ही दिलं नाही तर समोरचा देईल' हे उत्तर येईल. मुंबईच्या पेढ्यांवरही तेच म्हणत असणार: आपण नाही नेली तर कलकत्तेवाले नेतील.

या चौमाशात आमच्या मंडळात आम्ही पंधरा कर्मादानांचा एकेक दिवस अर्थ घेणार आहोत, विषवाणिज्याच्या दिवशी गावातल्या दोन मेडिकलवाल्या कुटुंबांच्या सुनाच बोलणार आहेत. तुमच्याकडे कुणाला मदत हवी असेल तर सरकारचा नशामुक्तीचा फोन १४४४६ आहे, पैसे पडत नाहीत. आणि अफूच्या गोळ्यांची सवय जुनी असेल तर घरच्या घरी एका दिवसात बंद करायला लावू नका. उलट्या, जुलाब, अंगदुखी, झोप उडणं असा त्रास होतो आणि मूल दुसऱ्याच दिवशी परत तिकडे वळतं. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.